समुद्री माशाचा जीवाश्म नव्या जातीचा आहे का? सोलापुरात बसून करायची तपासणी

सोलापूरच्या जमिनीत समुद्री मासा मिळत नाही, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये कुठे कुठे तळ्यांचा गाळ अडकलेला आहे. त्यात माशांची हाडं आणि खवले मिळतात, पण ते पाणी बहुतेक ठिकाणी गोडं होतं. खाणीत दगड फुटला की पोकळीत पांढऱ्या सुयांचा पिसारा दिसतो, तो झिओलाइट. फरशीवर क्वचित काळी, झाडासारखी किंवा काट्यासारखी नक्षी दिसते, ती फटीत झिरपलेल्या मँगनीजची. शहाबादचा चुनखडक तर जगात पहिला मासा येण्याआधीचा आहे.

तेव्हा इथे तपासायला येणारे नमुने बाहेरचे असतात: कच्छच्या इओसीन थरांतले, जैसलमेरच्या जुरासिक खडकातले, तामिळनाडूत अरियलूर भागातल्या क्रेटेशियस गाळातले, ओडिशात बारिपाड्याच्या मायोसीन थरांतले. (इओसीन, जुरासिक, क्रेटेशियस, मायोसीन ही पृथ्वीच्या इतिहासातल्या कालखंडांची नावं.) अभ्यासदौऱ्यावरून विद्यार्थी आणतात, खाणीत काम करणारे नातेवाईक देतात, काही ऑनलाइन विकत घेतलेले असतात. खडकातून निघतो तो फक्त नमुना. तो नव्या जातीचा आहे की नाही, हे महिनोन्महिने तुलना केल्यावर कळतं, आणि ती तुलना सोलापुरातही नीट करता येते.

शब्दांचं एक सांगायला हवं. मराठी विश्वकोशाप्रमाणे इथे स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘प्रजाती’ म्हटलं आहे. वर्तमानपत्रांत स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. तो अर्थ इथे धरू नका.

नमुना कुठला, हे आधी

कितीही सुंदर मासा असला, तरी तो कोणत्या थरातून आला हे माहीत नसेल तर त्यावर नवी जाती उभारू नये. नाव देण्याचे नियम आडवे येत नाहीत, पण वय आणि ठिकाण नसलेल्या जातीशी पुढे कुणालाच तुलना करता येत नाही. नमुना काढतानाच वहीत लिहायचं: जीपीएसचे अक्षांश-रेखांश, थराचं नाव, ओळखीच्या एखाद्या थरापासून वर किंवा खाली किती सेंटिमीटर, खडक कसा आहे, मासा कोणत्या कुशीवर पडला होता, डोकं कोणत्या दिशेला होतं आणि शेजारी काय होतं. जमीनमालकाची किंवा खाणीची लेखी परवानगी त्याच वहीला जोडून ठेवा. जीवाश्म उद्यानातून काहीही उचलायचं नसतं.

शेजारी काय होतं याला फार महत्त्व आहे, कारण मासा समुद्री होता हे एकट्या माशावरून ठरत नाही. शिंगाळ्याच्या आणि हिल्शाच्या कुळांतले मासे खाऱ्या पाण्यातही असतात, गोड्यातही. खडकात नाण्यासारखे न्यूम्युलाइट (एकपेशीय समुद्री जिवांची कवचं), समुद्री साळू, गुंडाळीच्या शिंपल्याचे अमोनाइट, कालवं किंवा ग्लॉकोनाइट या हिरवट खनिजाचे कण असतील तर समुद्राचा पुरावा भक्कम. म्हणून माशाभोवतीचा निदान २०० ग्रॅम दगड वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यातल्या फोरामिनिफेरांवरून, म्हणजे कवचधारी सूक्ष्म एकपेशीय जिवांवरून, वयही ठरतं.

नावावरून ठिकाण गृहीत धरलं की फसगत होते. लेपिडोटस डेक्कनेन्सिस हा मासा १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला. नावात दख्खन आहे, पण तो दख्खनच्या लाव्ह्यातला नाही. तो गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचा परिसरात उघड्या पडलेल्या, जुरासिक काळातल्या ‘कोटा’ थरांतला. हा कोटा गोदावरी-प्राणहितेच्या काठचा. फरशीचा कोटा राजस्थानातला. दोन्हींचा काही संबंध नाही.

विकत घेतलेल्या नमुन्याबद्दल सावध राहा. एका फरशीत दोन माशांचे तुकडे जोडणं, तुटलेली शेपटी रंगवणं, पर (माशाचे पंख) कोरणं हे सर्रास चालतं. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन कडेला हलकेच टेका. रंग बोळ्यावर आला तर तो ब्रशने दिलेला आहे. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारला की डिंक आणि भराव हाडापेक्षा वेगळे चमकतात. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म सरकारी मालकीचे आहेत, त्यामुळे तिथला मासा बाजारात दिसला तर त्याच्या कागदपत्रांची शंका घ्यायलाच हवी. असा नमुना शिकण्यापुरता ठेवा, त्यावर नाव ठेवू नका.

प्रवासात मासा आधी टिश्यूत, मग फोममध्ये आणि सगळ्यात बाहेर जुन्या चादरीत गुंडाळा. कापूस किंवा चादर थेट हाडाला लागू देऊ नका. धागे पराला ताठ ठेवणाऱ्या काड्यांत अडकतात आणि काढताना काडी सोबत येते. दगड दोन पाळ्यांत फुटला असेल तर दोन्ही पाळ्या घ्या. अर्धी हाडं एकीत असतात आणि अर्धी दुसरीत.

साफसफाई, आणि सोलापूरचा उन्हाळा

सुई, ती घट्ट धरणारी मूठ (पिन-व्हाइस), मऊ ब्रश आणि स्टिरिओ मायक्रोस्कोप इतक्यावर बरंच काम होतं. १० ते ४० पट मोठं दिसायला हवं. सुई हाडाकडे रोखून नाही, हाडाला समांतर चालवायची. दगडाचा कण हाडावरून सुटून उडाला पाहिजे, खरवडून निघता कामा नये. घाईने खरवडलं की सर्वांत आधी खवल्यांच्या कडा जातात, आणि खवला गुळगुळीत की दातेरी हे कायमचं कळेनासं होतं.

हाड मजबूत करायला ॲसिटोनमधलं पॅरालॉइड बी-७२ जगभर वापरतात: ५ टक्के द्रावण हाडात मुरवायला, ४० ते ५० टक्के दाट द्रावण तुकडे जोडायला. पण हे राळद्रव्य ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. उभा ठेवलेला जोड तिथे हळूहळू सरकतो. तुकड्यांना खालून वाळूचा आधार देऊन आडवे ठेवा, किंवा वजन पेलणाऱ्या जोडासाठी ६० अंशांच्या आसपास मऊ पडणारं बी-४४ मिसळा. दुपारच्या उन्हात ॲसिटोन इतक्या वेगाने उडतं की द्रावण आत मुरतच नाही, वर बुडबुड्यांचा पापुद्रा धरतो. हे काम सकाळी सातच्या आत उरकावं.

चुनखडकातलं फॉस्फेटचं हाड सौम्य ॲसिडने मोकळं करता येतं. ९५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घाला. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. लिटरला १ ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलं की हाडावरचा हल्ला कमी होतो. उघडं हाड बी-७२ ने झाका, पहिली बुडी चार-पाच तासांचीच द्या, मग ॲसिडच्या निदान तिप्पट वेळ पाण्यात ठेवा आणि पाणी बदलत राहा. बोअरचं पाणी वापरू नका. ते इतकं जड असतं की सुकताना हाडावर पांढरे क्षार धरतात. शेवटची धुणी बॅटरीवाल्याकडच्या डिस्टिल्ड वॉटरने करा. धुणं अपुरं पडलं तर काही आठवड्यांनी हाडावर स्फटिक फुलतात आणि ते फुलताना हाड फोडतात.

दोन ठिकाणी ॲसिड अजिबात नको. माशाच्या डोक्यात कानाचे खडे, म्हणजे ओटोलिथ, असतील तर ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि दगडाबरोबरच विरघळून जातात. आणि दगडात पितळी चमकणारं पायराइट असेल तर साधं पाणीसुद्धा टाळा.

रुग्णालयातला सीटी स्कॅन मोठ्या गोट्यात हाड किती खोल आहे एवढं सांगतो. बोटभर माशाच्या काड्या मोजायला मायक्रो-सीटीच लागतो, आणि दगडात लोह जास्त असेल तर तिथेही चित्र धूसर येतं.

मोजणी

ओळख अडते किंवा सुटते ती इथेच. सगळ्यात आधी प्रमाण लांबी: मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या काड्या जिथे सुरू होतात त्या हाडांच्या पंख्याच्या कडेपर्यंत. शेपटीचा पर यात धरत नाहीत, कारण तो अनेकदा तुटलेला असतो. मग डोक्याची लांबी, शरीराची सर्वांत जास्त उंची, डोळ्याच्या खोबणीचा व्यास, मुस्कटापासून पाठीवरच्या पराची सुरुवात, तशीच पोटावरच्या आणि गुदद्वारामागच्या पराची, आणि शेपटीच्या देठाची उंची. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक माप तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी घ्या. मग सगळं प्रमाण लांबीच्या टक्क्यांत मांडा. समजा लांबी ८४ मिलिमीटर आणि डोकं २७, तर डोकं ३२ टक्के. टक्क्यांशिवाय दोन माशांची तुलना होत नाही.

मापांपेक्षा मोजलेली हाडं जास्त विश्वासाची. मणके पोटाचे आणि शेपटीचे असे वेगळे मोजतात. ज्या मणक्याच्या खालची कमान जुळून लांब काटा झालेला दिसतो, तिथून शेपटीचे मणके सुरू. शेवटचा वर वळलेला मणका मोजणीत धरला की नाही ते स्पष्ट लिहा. काही लेखक धरतात, काही नाही, आणि या एकाच्या फरकावर नवी जाती काढण्याची चूक पूर्वी अनेकांकडून झालेली आहे. पुढचे काही मणके कल्ल्याच्या झाकणाखाली दडलेले असतात. ते दिसत नसतील तर आकड्याआधी ‘निदान’ लिहा. तर्काने भरलेला आकडा पुढच्या माणसाला खड्ड्यात घालतो.

परांत टणक काटे आणि मऊ काड्या वेगळ्या. काटा एकसंध असतो. मऊ काडी दोन अर्ध्यांची आणि सांध्यासांध्यांची असते आणि बहुधा टोकाला फाटते. तुटलेली काडी काट्यासारखी दिसते, म्हणून सांधे शोधा. पराची काडी गळून गेली असली तरी तिला आत धरून ठेवणारं आधारहाड बहुधा टिकतं. ती आधारहाडं मोजली की काड्यांची संख्या पडताळता येते, आणि कोणतं आधारहाड कोणत्या दोन मणक्यांच्या काट्यांमध्ये बसलं आहे हे लिहिलं तर अनेक कुळं वेगळी करता येतात.

शेपटीचा सांगाडा हा सर्वांत बोलका भाग. पंख्याची हाडं किती, त्यातली कोणती एकमेकांशी जुळली आहेत, मुख्य काड्या किती, हे सगळं मोठं करून रेखाटा. रोहू आणि हिल्सा यांच्यात मुख्य काड्या १९ असतात. काटेरी परांच्या पुष्कळ माशांत १७ किंवा त्याहून कमी. फोटो पुरत नाही. हाताने रेखाटताना डोळा प्रत्येक हाडाच्या कडेवर थांबतो आणि फोटोत नजरेआड झालेली भेग दिसते. सगळे बारकावे उठून दिसण्यासाठी नवसागराची वाफ देऊन नमुन्यावर पांढरा पातळ थर चढवतात. हवा दमट असली की थर ठिपक्यांचा बसतो, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत करा आणि फोटो झाल्यावर थर त्याच दिवशी काढून टाका. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून, तिरका. प्रत्येक फोटोत मिलिमीटरची पट्टी असायलाच हवी.

तुलनेसाठी बाजारातले मासे

जीवाश्म ओळखायचा तर आजच्या माशाचं हाड हाताखालून गेलेलं हवं. सोलापूरच्या बाजारात उजनीचा चिलापी आणि रोहू मिळतो, बर्फातून बांगडा आणि ढोमाही येतो. मंद आचेवरच्या गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवून मांस ब्रशने सोडवा. खळखळ उकळलं तर सगळी हाडं सुटी होतात आणि ओळ विसरायला होते. त्याआधी एक एक्स-रे काढून घ्या, म्हणजे हाडांच्या मूळ जागा कळतील.

रोहूचा पोटावरचा पर पोटाच्या मध्यावर असतो. चिलापीचा पुढे सरकून छातीच्या पराखाली आलेला. चिलापीच्या पाठीवर पंधरा किंवा अधिक टणक काटे, रोहूच्या पाठीवरच्या पराला तसे काटेच नाहीत. एवढ्या दोन खुणांवर जीवाश्म मासा हाडांच्या माशांच्या कोणत्या मोठ्या गटात शोधायचा हे ठरतं. बांगड्याचे मणके मोजा; ते ३१ आले पाहिजेत, १३ पोटाचे आणि १८ शेपटीचे. वेगळे आले तर मोजण्याची पद्धत चुकते आहे, ती सुधारल्याशिवाय जीवाश्माला हात लावू नका. ढोम्याच्या डोक्यातले खडे मोठे असतात, त्यावरून ओटोलिथच्या आतल्या बाजूची खाच कशी दिसते ते शिकता येतं. त्या खाचेच्या आकारावरून जाती वेगळ्या करतात.

मग कागदी तुलना. त्याच काळातल्या, त्याच प्रजातीतल्या जगभरच्या सर्व जातींचा तक्ता करा. उभ्या रकान्यांत मणके, काड्या, टक्के, दात, खवले. त्यात तुमचा नमुना एक ओळ. मूळ वर्णनं शंभर-दीडशे वर्षं जुनी असली तरी वाचावीच लागतात. बरीचशी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत आहेत, १८३३ पासून निघालेलं लुई अगासीचं जीवाश्म माशांवरचं काम धरून. जुन्या वर्णनात एखादा रकाना रिकामा राहिला तर ज्या संग्रहालयात तो मूळ नमुना आहे, तिथे पत्र लिहून फोटो मागवा. बहुतेक संग्रहालयं पाठवतात. विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलातून पत्र गेलं तर जास्त बरं.

वेगळेपणाची खोटी कारणं

फरक दिसला की नवी जाती, असं नसतं. आधी इतर कारणं एकेक करून बाद करायची.

पहिलं वय. पिल्लाचं डोकं आणि डोळे शरीराच्या मानाने मोठे असतात आणि शेपटीची हाडं अजून जुळलेली नसतात. ४ सेंटिमीटरच्या माशाची टक्केवारी ३० सेंटिमीटरच्या माशाशी लावली तर दोघे वेगळे वाटणारच. सारख्या आकाराचेच जोडा.

दुसरं खडकाचं ताणणं. डोंगरदाबाने खडक एका दिशेने ताणला गेला असेल तर ज्याची लांबी त्या दिशेत आहे तो मासा सडपातळ होतो आणि तिला काटकोनात पडलेला बुटका. दोन ‘जाती’ होतात, एक लांब आणि एक उंच, खरं तर मासा तोच. त्याच फरशीवरच्या गोल शिंपल्या लंबगोल झाल्यात का ते पाहा. अशा वेळी टक्के बाजूला ठेवून फक्त मोजलेल्या हाडांवर भिस्त ठेवा, कारण ताणल्याने मणक्यांची संख्या बदलत नाही.

तिसरं कुजणं. पोट फुगून फाटलेल्या माशाच्या बरगड्या विस्कटतात आणि जबडा उघडा पडतो. जबड्याचा कोन हे लक्षण म्हणून कधीही वापरू नका. चौथं, एकाच जातीतला फरक. आजच्या दहा बांगड्यांच्या कल्ल्यांच्या काड्या मोजून पाहा, संख्या थोडी इकडेतिकडे होतेच. तुमचा फरक त्याहून मोठा हवा, आणि एकमेकांवर न अवलंबणारे निदान दोन-तीन फरक एकत्र हवेत.

शार्क आणि पाकटाचं प्रकरण वेगळं. त्यांचा सांगाडा कूर्चेचा, तो क्वचितच टिकतो. हाती येतात ते दात. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकतो. वरच्या आणि खालच्या जबड्यातले, समोरचे आणि कोपऱ्यातले, नराचे आणि मादीचे दात वेगवेगळ्या आकाराचे असू शकतात. एका दातावर जाती ठेवली तर उद्या तो दुसऱ्या जातीचा कोपऱ्यातला दात निघेल. म्हणून १० ते २० किलो गाळ आणा, कडक वाळवा, काही तास घासलेटमध्ये भिजवा, घासलेट ओतून टाका आणि मग पाणी घाला. चिकण माती आपोआप फुटते. हे काम उघड्यावर, आगीपासून लांब. २, १ आणि ०.५ मिलिमीटरच्या चाळण्यांतून धुवा. मोठी चाळण एकटी वापरली तर लहान जातींचे दात नाल्यात जातात. मग दात आकारानुसार ओळीत मांडून जबडा जुळवून पाहा. स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली हायबोडॉन्ट या नामशेष गटातल्या शार्कची जाती जैसलमेरच्या मध्य जुरासिक खडकांतल्या दातांवरच उभी आहे. दातांवर काम होतं, फक्त दातांची जागा समजली पाहिजे.

नाव देण्यापर्यंत आलात तर

बहुतेक नमुने इथवर येत नाहीत, आणि त्यात कमीपणा नाही. प्रजातीपर्यंतच खात्री असेल तर प्रजातीचं नाव लिहून पुढे ‘एसपी’. ओळखीच्या जातीसारखा वाटतो पण जतन अपुरं आहे, तर ‘सीएफ’. जवळचा आहे पण बहुधा वेगळा, तर ‘एएफएफ’. कच्छच्या एखाद्या थरात अमुक प्रजाती होती ही नोंदसुद्धा पुढच्या अभ्यासकाला हवी असते.

वेगळेपण टिकलं तर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे चाला. चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. एक नमुना होलोटाइप, म्हणजे ज्याच्यावर जातीचं नाव टिकतं तो मूळ नमुना, म्हणून स्पष्ट नेमा आणि तो कोणत्या संस्थेच्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाने ठेवला ते लिहा. घरच्या कपाटातला नमुना चालवू नका. ही जाती नवी आहे असं शब्दांत सांगा. इतर जातींपासून ती कशी वेगळी, हे सांगणारं छोटं लक्षणवर्णन आणि सविस्तर वर्णन दोन्ही द्या. लक्षणवर्णनात ‘आकर्षक’, ‘मोठा’ असले शब्द नकोत. ‘मणके ३३, इतर जातींत २९ ते ३१’ असं लिहा.

गावावरून नाव तर शेवटी ‘एन्सिस’ किंवा प्रजातीचं नाव नपुंसकलिंगी असेल तर ‘एन्से’. पुरुषाच्या नावाला ‘आय’, स्त्रीच्या नावाला ‘एई’ हे लॅटिन प्रत्यय. गाव नमुना मिळाल्याचं असावं. अभ्यास सोलापुरात झाला म्हणून सोलापुरेन्सिस ठेवलं तर शंभर वर्षांनी कुणीतरी इथल्या काळ्या दगडात तो मासा शोधत बसेल. ते नाव त्याच प्रजातीत आधी वापरलेलं नाही ना, हे तपासा.

फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात लेख असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदीचा उल्लेख लेखात हवा. २०१२ च्या दुरुस्तीपासून हा नियम आहे, आणि तो चुकला तर नाव ग्राह्य धरलं जात नाही. तोवर नवं नाव प्रबंधात, पोस्टरवर, बातमीत किंवा व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. तिथे ‘नवी जाती क्रमांक १’ एवढंच लिहा. लेख निघाला की होलोटाइपसोबत दोन्ही पाळ्या, राखून ठेवलेला २०० ग्रॅम दगड, वहीतल्या नोंदींची प्रत आणि कोणतं रसायन किती वेळा लावलं त्याची यादी, हे सगळं त्याच संग्रहात जमा करा.